मोटारीच्या पोटातली काजळी

लग्न होऊन मी परतूरला आले तेव्हा सासूबाई हयात नव्हत्या. घरात माझे मालक, त्यांचे वडील आणि मी, एवढीच माणसं. अंगणातल्या लिंबाखाली एक काळी मोटार उभी असायची. मालकांनी ती जालन्याच्या एका व्यापाऱ्याकडून जुनी घेतली होती आणि ते ती भाड्यानं चालवायचे. रेल्वेतून उतरलेली माणसं मोंढ्यात, धान्याच्या बाजारात सोडायची, मोंढ्यातली तीर्थपुरीला न्यायची, लग्नसराईत नवरा-नवरी, आणि अंगारकी आली की राजूरच्या गणपतीला जाणारी एखादी मंडळी. बहात्तरचा दुष्काळ मागं पडला होता आणि लोक पुन्हा घराबाहेर पडायला लागले होते. मोटारीला काम होतं.

सासऱ्यांना मी मामा म्हणायचे. निजामाच्या काळात ते सरकारी बसवर ड्रायव्हर होते. पुढं काचबिंदूनं दोन्ही डोळे गेले. उजेड आणि अंधार एवढंच कळायचं. दिवसभर ओट्यावर बसायचे. मी डोक्यावरचा पदर सावरत जायचे आणि "मामा, ताट वाढलंय" म्हणायचे, ते "हां बाई" म्हणायचे. आमचं बोलणं इतकंच. त्यांना दिसत नाही हे ठाऊक असूनही मी पदर घ्यायचे, आणि त्यांनाही बांगड्यांच्या आवाजावरून मी कुठं उभी आहे ते बरोबर कळायचं.

एका उन्हाळ्यात मोटारीचा दम जायला लागला. सपाटीला चालायची, पण ओढ्यातून वर चढताना नुसती कण्हायची. माणसं खाली उतरून ढकलायची. तीर्थपुरीच्या एका म्हातारीनं ढकलता ढकलता विचारलं होतं, "भाडं आम्ही द्यायचं का तू?" मालक ते हसत सांगायचे, पण जेवताना हात थांबायचा. आणखी एक विचित्र प्रकार सुरू झाला होता. चावी बंद करून मालक खाली उतरले तरी इंजिन लगेच थांबायचं नाही. धडधडत, हिसके देत थोडा वेळ चालूच राहायचं आणि मग एकदाचं गप्प व्हायचं. शेजारच्या काकू म्हणाल्या, "मोटारीला काही बाहेरचं लागलं असंल, नारळ फोडून बघा."

मोंढ्याजवळचा मिस्त्री येऊन गेला. त्यानं सांगितलं की इंजिन झिजलं, सगळं उतरवून जालन्याला न्यावं लागेल. ते काम आमच्या आवाक्यातलं नव्हतं. मालक तरी गाडी रेटत राहिले. बॅटरी जुनी, त्यामुळं पुढून लोखंडी हँडल फिरवूनच गाडी चालू करावी लागायची. एक दिवस भर दुपारी स्टेशनवरून आले, गाडी बंद केली, पाणी प्याले आणि लगेच दुसऱ्या भाड्याला जायचं म्हणून हँडल मारायला गेले. हँडल उलटं फिरलं. मी दारातच होते. लाकूड मोडल्यासारखा आवाज आला आणि मालक मनगट धरून खाली बसले.

उजवा हात प्लास्टरमध्ये गेला. गाडी लिंबाखाली धूळ खात उभी राहिली. मालक खाटेवर पडून आढ्याकडं बघत राहायचे. बोलायला गेलं की भिंतीकडं तोंड करायचे. त्यातच तीर्थपुरीचा एक माणूस गाडी विकत घ्यायला आला. त्याला ती चालवायची नव्हती, सुटे भाग काढायचे होते. मालक त्याला "बघतो" म्हणाले. तो गेल्यावर मामांनी ओट्यावरून हाक मारली.

"विकायची तर विक. पण आधी मला ऐकू दे तिला."

"ऐकून काय करणार, बाबा?"

"तुझा हात का मोडला ते तर कळंल. थंड्या गाडीनं कधी हँडल फेकलं का?"

मालक उठून बसले. आठवून म्हणाले, "न्हाई. गरम असतानाच."

"आणि चावी बंद केली तरी चालू राहती. ओट्यावर बसून मी रोज ऐकून राह्यलो. तू विचारलं न्हाई, मी बोललो न्हाई."

दुसऱ्या दिवशी सकाळी ऊन चढायच्या आत मामा काठी टेकत गाडीपाशी गेले. चाचपत हँडल धरलं. अंगठा त्यांनी बोटांच्याच बाजूला ठेवला होता, मुठीत गुंडाळला नव्हता. "असं धरलं तर उलटं फिरलं तरी हातातून सुटून जातं," ते मालकांना म्हणाले. मालक मान खाली घालून ऐकत होते. मामांनी हँडल मारलं आणि गाडी चालू झाली.

मग त्यांनी ओला फडका मागितला. मी आणून दिला. तो हाताला गुंडाळून ते गाडीच्या मागं गेले, वाकले, आणि धुराच्या नळीसमोर तळवा धरून उभे राहिले. बराच वेळ. मग म्हणाले, "बाई, इकडं ये. हात धर इथं."

मी मालकांकडं बघितलं. मी पुढं झाले, फडका गुंडाळून हात धरला.

"काय लागतंय?"

"गरम वारं लागतंय, मामा."

"कसं? ठोके देत येतंय का नुसतं झिरपतंय?"

मी नीट लक्ष दिलं. "झिरपतंय. कणकेच्या डब्याचं झाकण घट्ट बसलं की कडेनं जशी हवा जाती तसं."

मामा हसले. त्यांना हसताना मी पहिल्यांदाच पाहिलं. "बराबर. चांगल्या गाडीचा धूर हाताला चापट मारतो. हिचा श्वास कोंडलाय."

पण त्यांना खात्री करायची होती. इंजिनापासून निघालेली नळी जिथं सायलेन्सरच्या पाइपाला जोडली जाते तिथले बोल्ट ढिले करायचे होते. मामांना दिसत नव्हतं आणि मालकांचा हात गळ्यात अडकवलेला. मालकांनी डाव्या हातानं पाना लावून बघितला, तो घसरला. त्यांनी पाना जमिनीवर आपटला. मामांनी तो चाचपत उचलला आणि माझ्या आवाजाच्या दिशेनं पुढं केला.

"ती कशाला?" मालक म्हणाले. "लोक काय म्हणतील?"

"लोक ढकलतच होते की गाडी," मामा म्हणाले. "आता हात हिचे, डोळे तुझे, कान माझे. तीन मिळून एक मिस्त्री होतो का बघू."

मी पदर कमरेला खोचला आणि गाडीखाली गेले. बोल्ट गंजलेले होते. रॉकेल सोडून थांबले, पुन्हा जोर लावला आणि एकेक सुटला. नळी मोकळी झाल्यावर मामांनी पुन्हा हँडल मारलं. इतका आवाज झाला की लिंबावरचे कावळे उडाले आणि काकू घरातून पळत बाहेर आल्या. पण मालकांच्या चेहऱ्यावर मला काही वेगळंच दिसलं. ते डाव्या हातानं रेस देत होते आणि इंजिनाचा वेग झटक्यात वाढत होता, पूर्वीसारखा.

"इंजिन झिजलेलं न्हाई," मालक त्या गोंगाटात ओरडून म्हणाले. "बाबा, इंजिन चांगलंय."

गाडी बंद केली तेव्हा मात्र ती थोडी धडधडलीच. मामांनी बोट वर केलं. "ऐकलं? नुसता सायलेन्सर न्हाई. वर हेडमध्ये, इंजिनाच्या झाकणात पण काजळी साचली. ती जळत्या निखाऱ्यावानी लाल होती, मंग पेट्रोल ठिणगीची वाट बघत न्हाई. आधीच पेटतं. म्हणून चावी काढली तरी चालती आणि म्हणूनच तुझं हँडल उलटं फिरलं."

मालक आपल्या प्लास्टरकडं बघत राहिले. "एवढी काजळी आली कुठून?"

"स्टेशन ते मोंढा, मोंढा ते स्टेशन. पुरती गरम व्हायच्या आतच बंद करायची. तिला कधी मोकळं पळू दिलंच न्हाई तू."

दुपारी मालकांनी स्वतःच मला विचारलं, "करशील का?" मी म्हटलं, "तुम्ही सांगितलं तर करीन." तीर्थपुरीच्या माणसाला त्यांनी निरोप धाडला की गाडी विकायची नाही. हेडखाली फट बुजवायला बसवायची नवी गॅसकेट परतूरला मिळत नव्हती. ती आणायला मालक गळ्यात हात अडकवून रेल्वेनं जालन्याला गेले. हात मोडल्यापासून ते पहिल्यांदाच घराबाहेर पडले होते, आणि जाताना त्यांनी भांग पाडला होता.

आधी सायलेन्सर. तो गाडीखालून ओढून काढला तेव्हा उचलला जाईना, इतका जड. परसात कापसाच्या पऱ्हाट्या रचलेल्या होत्या, त्यांचा जाळ केला आणि सायलेन्सर त्यात ठेवला. पऱ्हाट्यांचा जाळ कडक असतो. थोड्या वेळानं नळीच्या तोंडातून पिवळट धूर निघाला, मग काळा, मग आतून लालभडक धग दिसायला लागली. वारा धूर जिकडं नेत होता तिकडं थोडं लांब बसून मामा वास घेत होते. "अजून तेल जळून राह्यलं. राहू दे." मग बऱ्याच वेळानं म्हणाले, "आता कोरडा वास आला. काढा."

निवल्यावर मी कपडे धुवायचं धोपटणं घेतलं आणि सायलेन्सर उभा धरून चारी बाजूंनी ठोकला. आतून खापऱ्या पडाव्यात तशी काजळी पडायला लागली. काळे, चकचकीत, हलके तुकडे. ठोकावं तसं आणखी पडायचं. मालक शेजारी उकिडवे बसून बघत होते. "एवढं घेऊन ही तीर्थपुरीला जात होती?" ते म्हणाले. त्यांच्या आवाजात राग नव्हता. कीव होती, जशी आजारी बैलाची येते. काकूंनी कुंपणावरून विचारलं की काय जाळताय. मी म्हटलं, "मोटारीचं दुखणं." त्या बराच वेळ तिथंच उभ्या राहिल्या.

हेड उघडणं हे खरं काम. मामा सांगायचे, मालक बोट दाखवायचे, मी करायचे. नट कडेकडून थोडे थोडे ढिले करत मधे यायचं, नाहीतर हेड वाकतं. व्हॉल्व ढकलणाऱ्या लांब काड्या जिथल्या तिथं परत बसायला हव्यात. मी त्या भाकरीच्या दुरडीच्या विणीत ओळीनं खोचून ठेवल्या. मामांनी दुरडीवरून हात फिरवला आणि "बिलकुल" एवढंच म्हणाले.

हेड निघालं आणि मी आत पाहिलं. पिस्टनच्या डोक्यावर काळा थर, करपलेल्या दुधाच्या पातेल्याच्या तळाला असतो तसाच, फक्त दगडासारखा. मी स्क्रू ड्रायव्हर उचलला तसा मामांना धातूचा आवाज कळला.

"लोखंड न्हाई. पिस्टन मऊ असतो, ओरखडा पडंल. तू दुधाचं पातेलं कशानं खरवडती?"

"बांबूच्या कामटीनं."

"मंग तेच घे."

काजळीचे कण खाली जाऊ नयेत म्हणून बाकीच्या भोकांत जुन्या लुगड्याचे बोळे घातले. पिस्टनच्या कडेनं ग्रीसचं बोट फिरवलं, म्हणजे चुरा तिथंच चिकटतो. रॉकेल सोडायचं, मुरू द्यायचं, कामटीनं खरवडायचं. थर सुटला की खालून पांढरा, स्वच्छ धातू दिसायचा आणि मला पुढचं खरवडायची घाई व्हायची. अगदी काठाला आले तेव्हा मामांनी थांबवलं. "काठाची थोडी राहू दे. जुन्या गाडीत ती तेलाला वर येऊ देत न्हाई. सगळंच साफ करायचं नसतं."

व्हॉल्व जागेवर घट्ट बसावेत म्हणून ते घासायचं काम मामांनी स्वतःकडं घेतलं. एक काठी असते, तिच्या टोकाला रबराची वाटी, ती व्हॉल्वला चिकटते. व्हॉल्वच्या कडेला खरखरीत मलम लावून तो जागेवर ठेवायचा आणि काठी दोन्ही तळव्यांत धरून ताकाच्या रवीसारखी फिरवायची. ओट्यावर हेड मांडीजवळ घेऊन मामा दिवसभर ते करत राहिले. आधी खर्र खर्र आवाज यायचा, मग तो मऊ होत जायचा. मऊ झाला की ते थांबायचे, पुसायचे, बोटानं कड तपासायचे. त्या वेळी त्यांच्याकडं पाहून कुणी म्हणालं नसतं की यांना दिसत नाही.

काम करताना ते बोलायचे. बसच्या दिवसांतलं सांगायचे. पावसाळ्यात नदीला पाणी आलं की बस काठाला उभी करून प्रवाशांबरोबर भाकरी खायचे, रस्त्यात एका बाईची बसमध्येच सुटका झाली तेव्हा सगळे पुरुष खाली उतरून पाठ करून कसे उभे राहिले होते. सासूबाईंचंही सांगितलं. त्यांना मोटारीत बसलं की मळमळायचं, म्हणून त्या कधी नवऱ्याच्या बसमध्ये बसल्याच नाहीत. मी खरवडत ऐकायचे. पदर कधी डोक्यावरून घसरला ते मला कळलं नाही, आणि नंतर कळलं तरी हात काळे होते म्हणून तसाच राहू दिला.

सगळं परत बसवलं. नट या वेळी मधून कडेला आवळत गेलो. मामांनी हँडल मारलं. गाडीनं वरच्या बाजूला एक फुत्कार सोडला आणि गप्प झाली. पुन्हा मारलं, पुन्हा तेच. मालकांचा चेहरा उतरला.

मामा मात्र मान तिरकी करून उभे होते. "वरून उलटी करून राह्यली. ठिणगी भलत्याच घरात पडती. बाई, प्लगच्या वायरी कशा लावल्या?"

"ओळीनं, मामा. एक, दोन, तीन, चार."

मालक एकदम हसायला लागले. कितीतरी दिवसांनी ते हसत होते. "अगं, तिची ओळ तशी नसती. एकनंतर तीन, मंग चार, मंग दोन."

"असं का?"

"तिला विचार," मालक म्हणाले आणि डाव्या हातानं वायरी बदलायला लागले. मी शेजारी उभी राहून पाहिलं आणि ती ओळ पाठ केली.

मग गाडी चालू झाली. मामा मागं गेले, तळवा धरला आणि मला बोलावलं. या वेळी धूर हाताला ठोके देत होता, लहान मूल टाळ्या वाजवतं तसा, एकसारखा. मालकांनी चावी बंद केली. इंजिन तिथल्या तिथं थांबलं.

"आता हिला पळवायला पाहिजे," मामा म्हणाले. "लांब."

मालकांनी प्लास्टर दाखवलं, मग आठवलं की मामांना दिसत नाही. "चालवणार कोण? मोंढ्यातून कुणाला तरी बोलावतो."

"ड्रायव्हर घरात असताना?" मामा म्हणाले आणि मागचं दार उघडून बसले.

मी नको नको म्हणत होते आणि तरी चालकाच्या जागेवर बसले. मालक माझ्या डाव्या बाजूला. पायांचं काम माझ्याकडं, चाक माझ्याकडं, आणि गिअर मालक डावा हात वळवून टाकणार. गावाबाहेरच्या कच्च्या रस्त्यापर्यंत गाडी मालकांच्या मित्रांनी ढकलत नेली, तेवढी सवय त्यांना होतीच. तिथं त्यांच्यातल्याच एकानं हँडल मारून दिलं, आणि पुढं आम्ही. पहिल्यांदा क्लच सोडला तेव्हा गाडी बेडकासारखी उडी मारून बंद पडली, पुन्हा हँडल मारावं लागलं. मागून मामा म्हणाले, "हळू. झोपलेल्या लेकराखालून हात काढतो तसा पाय काढ."

मी तसा काढला. गाडी निघाली.

दोन्ही बाजूंना कापसाची मोकळी रानं होती. मालक "दाब" म्हणायचे, मी क्लच दाबायचे, ते गिअर टाकायचे. एकदा त्यांनी उशीर केला आणि एकदा मी, तेव्हा गाडी करकरली आणि मागून मामांनी "आई गं" केलं, जणू त्यांनाच लागलं. मग ताळमेळ बसला. वाऱ्यानं पदर उडत होता. पुढं ओढा आला. मालक म्हणाले, "थांबव, वळवू इथून." मामा म्हणाले, "थांबवू नको. चढू दे तिला."

मी पायाखालचं पेडल दाबलं. गाडी उतारावरून ओढ्यात गेली, कोरडी वाळू तुडवली, आणि पलीकडच्या चढाला लागली. मालकांनी गिअर खाली घेतला. इंजिनाचा आवाज भरदार झाला, कुठं कण्हणं नाही, कुठं खडखड नाही. वर पोहोचलो तेव्हा मी मागं वळून पाहिलं नाही, चाक सोडायची भीती होती. पण मामा समोरच्या सीटवर दोन्ही हात टेकून पुढं वाकून बसले होते, त्यांचा श्वास माझ्या खांद्याशी येत होता. "झाली मोकळी," ते म्हणाले.

मालकांचं प्लास्टर निघाल्यावर गाडी पुन्हा कामाला लागली. आता दर आठवड्याला ते एक लांबची फेरी काढायचे, काही वेळा रिकामीच, नुसती पळवायला. त्या फेरीत मामा मागं बसायचे, आणि गावाबाहेर गेल्यावर मालक खाली उतरून मला जागा द्यायचे. पुढं गिअरही माझ्याच हातात आले.

गावात बोलायचे ते बोलले. पण एक दिवस शेजारच्या काकू आपला वातीचा स्टोव्ह घेऊन आल्या. तो नुसता धूर ओकत होता, भांडी काळी करत होता. माझ्यासमोर ठेवून म्हणाल्या, "तू मोटारीची काजळी काढली म्हणं. ह्याचं काय झालं बघ ना जरा." मी स्टोव्ह हातात घेतला, वाती वर केल्या, आणि जाळी काढून उजेडाकडं धरली. भोकं सगळी बुजलेली होती. ओट्यावरून मामांनी विचारलं, "काय म्हणतोय?"

"श्वास कोंडलाय, मामा," मी म्हटलं आणि कामटी आणायला आत गेले.